सेव्हिलचा अल्काझार की ग्रनाडाचा अल्हाम्ब्रा? फोटोत सारखे, पण गोष्ट वेगळी

एक्सचेंजवर स्पेनला आलेल्या पोरापोरींचा पहिल्या मोठ्या सुट्टीचा प्लॅन जवळपास ठरलेलाच असतो, सेव्हिल, कोर्दोबा, ग्रनाडा, बसने नाहीतर ट्रेनने. मग ग्रुपवर फोटो पडायला लागले की कुठला अल्काझारचा आणि कुठला अल्हाम्ब्राचा हे काढलेल्यालाही सांगता येत नाही, कारण दोन्हीकडे खाली रंगीत टाइल्स, वर चुन्याची जाळीदार नक्षी, मधे पाणी आणि भिंतीभर अरबी अक्षरं. आणि सगळे एकदम म्हणून टाकतात, "दोन्ही मुस्लिम राजांचे महाल." अल्हाम्ब्राबद्दल ते बरोबर आहे. अल्काझारमधला जो महाल सगळे फोटोत टाकतात तो मात्र एका ख्रिश्चन राजाने बांधलाय, आणि मला तरी सगळ्या अंदालुसियातली, म्हणजे दक्षिण स्पेनच्या या भागातली, ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

सेव्हिल मुस्लिम सत्तेकडून ख्रिश्चनांकडे आलं १२४८ मध्ये. त्यानंतर शंभरएक वर्षांनी कास्तिल या ख्रिश्चन राज्याच्या पेद्रो पहिल्या राजाने हा महाल बांधला. त्याच्या दर्शनी भिंतीसमोर उभे राहिलात की वर बघा, कडेने कास्तिलियनमध्ये, म्हणजे स्पॅनिशमध्ये, राजाचं नाव आणि साल कोरलंय, त्यांच्या तेव्हाच्या कालगणनेने १४०२, म्हणजे आपलं १३६४, आणि त्याच चौकटीच्या मधोमध निळ्या-पांढऱ्या टाइल्समध्ये कूफी, म्हणजे कोनदार वळणाच्या अरबी, अक्षरांत "अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही". आमच्यात मोरोक्कोची एक मैत्रीण होती, तिलाही ते लागायला वेळ लागला कारण अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटसुलट मांडलीत, पण लागलं तेव्हा ती तिथून हलेचना. हे वाक्य ग्रनाडावर राज्य करणाऱ्या मुस्लिम नासरी घराण्याचं बोधवाक्य आहे, अल्हाम्ब्राच्या भिंतीभर शेकड्याने सापडतं.

मग ते एका ख्रिश्चन राजाच्या दारावर कसं? कारण पेद्रो आणि ग्रनाडाचा सुलतान मुहम्मद पाचवा दोस्त होते. मुहम्मदची गादी १३५९ मध्ये गेली, १३६२ मध्ये पेद्रोच्या मदतीने परत मिळाली, आणि अल्हाम्ब्रातला तो प्रसिद्ध सिंहांचा चौक, बारा संगमरवरी सिंह आणि मधे कारंजं, त्याने त्यानंतरच बांधला. म्हणजे दोन्ही महाल साधारण एकाच काळात उभे राहत होते, त्यामुळे अल्काझारला "अल्हाम्ब्राची कॉपी" म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. ख्रिश्चन राज्यात मुस्लिम कारागिरांच्या हातून, त्यांच्या पद्धतीने झालेल्या या कामाला मुदेखार म्हणतात, आणि तेव्हा राजाला थाट दाखवायचा असेल तर यापेक्षा झकास काम कुणाकडे नव्हतंच!

ओळखायचं कसं तर टाइल्स आणि नक्षीत किल्ला आणि सिंह शोधा. ते पेद्रोच्या कास्तिल आणि लिऑन या राज्यांचं चिन्ह आहे, अल्काझारमध्ये ते अरबी मजकुराच्या अगदी शेजारी बसलेलं दिसतं. अल्हाम्ब्रात भिंतींवर कविता आहेत, सिंहांच्या कारंज्याच्या कडेवर इब्न झमरक या कवीच्या ओळी कोरल्यात.

बाकी फरक पटकन सांगते. अल्काझार भर शहरात, कॅथेड्रलच्या समोर, आणि आत वेगवेगळे काळ एकमेकांना चिकटून आहेत, आधीच्या मुस्लिम अल्मोहाद राजवटीचा चौक, ख्रिश्चन राजा अल्फोन्सो दहाव्याचा गॉथिक भाग, मग पेद्रोचा महाल, वरचा मजला तर अजूनही राजघराण्याकडे आहे. अल्हाम्ब्रा म्हणजे टेकडीवरचं अख्खं तटबंदीचं गाव, किल्ला, महाल, वर खेनेरालिफेच्या बागा, नीट बघायचं तर अर्धा दिवस सहज जातो. १४९२ मध्ये ग्रनाडाही ख्रिश्चनांकडे गेलं, पुढे सम्राट कार्लोस पाचव्याने १५२६ मध्ये लग्न केलं अल्काझारमध्ये आणि हनिमूनला आला अल्हाम्ब्रात, आणि मग तिथेच आत गोल चौक असलेला स्वतःचा दगडी महाल सुरू केला. तो नासरी महालांच्या इतका जवळ आणि इतका जड आहे की मला तो तिथे नकोच वाटतो, पण गोल चौकात जाऊन उभं राहा, तो सुंदर आहे हे मान्य करावंच लागतं.

दोन्ही करणार असाल तर आधी ग्रनाडा करा आणि मग सेव्हिल. सिंहांचा चौक डोळ्यात ताजा असताना पेद्रोच्या महालात शिरलात की प्रत्येक भिंत ओळखीची वाटते, आणि मग त्यात किल्ले दिसायला लागतात. अल्हाम्ब्राचं तिकीट आधीच काढा, सीझनला संपतात, आणि त्यावर नासरी महालांची जी वेळ असते तीच पाळायची, चुकली की आत सोडत नाहीत. तिकीट नावावर असतं म्हणून पासपोर्ट सोबत ठेवा, आणि स्टुडंट कार्डही घ्या, अल्काझारला सवलत मिळते.