लगेच म्हटलेला 'हो' उशिरा पोचतो तेव्हा

आपण गप्पा मारतो तेव्हा एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ लागतो माहितीये? साधारण 0.2 सेकंद. 2009 मध्ये दहा भाषांवर अभ्यास झाला होता, त्यात सरासरी एवढीच निघाली, जपानी बोलणारे सगळ्यात झटपट आणि डॅनिशवाले जरा निवांत. मराठी त्यात नव्हती, आपल्याकडे तर समोरच्याचं वाक्य संपूच देत नाहीत, असो.

गंमत म्हणजे एखादा शब्द मनात जुळवून तोंडातून काढायला मेंदूला अर्ध्या सेकंदाच्या वर वेळ लागतो. मग 0.2 सेकंदात उत्तर येतं कसं? तर समोरचा बोलत असतानाच त्याची गाडी कुठे चाललीये ते ओळखून आपण उत्तर तयार ठेवतो, आणि त्याचं संपतंय असं वाटलं की सोडून देतो. अजून एक, त्याच अभ्यासात 'हो' लवकर यायचं आणि 'नाही' उशिरा. म्हणून तर "उद्या बाईक देतोस का?" विचारल्यावर मित्र सेकंदभर गप्प बसला की आपण समजून जातो, आता "अरे त्याचं काय झालं ना" येणार.

आता हेच व्हिडिओ कॉलवर बघा. आई पुण्यात, मुलगा न्यू जर्सीत. "दिवाळीला येणार ना रे?" मुलगा जराही न थांबता "हो" म्हणतो. पण आईचा प्रश्न तिकडे पोचायला वेळ, त्याचा 'हो' इकडे यायला वेळ, आणि तिला ऐकू येते ती दोन्हीची बेरीज. तिच्या कानाला तो 'हो' अडखळत आलेला वाटतो, मग ती म्हणते "बरं, जमलं तर बघ, ओढाताण नको करूस" आणि हा वैतागतो की मी हो म्हणालो तरी हिचं हे काय! दोघांचीही चूक नाही.

हा कॉल समुद्राखालच्या केबलमधून प्रकाशाच्या रूपात जातो, आणि केबलमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किमी जातो. पुणे ते न्यू जर्सी अंतर सरळ रेघेत साडेबारा हजार किमीच्या आसपास, म्हणजे जाऊन येऊन सव्वाशे मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग) तरी गेलेच, आणि केबल काही सरळ जात नाही. वर कॅमेऱ्याचं चित्र दाबून लहान करा, परत उलगडा, वायफाय, ब्लूटूथचे इअरफोन, सगळे आपापला वाटा घेतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ म्हणतो एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं नीट चालतं, 400 च्या वर जाऊच देऊ नका.

मला सगळ्यात खटकणारी गोष्ट 2014 च्या एका जर्मन प्रयोगातली. कॉलमध्ये मुद्दाम उशीर घातला, तर लोकांनी लाईनला दोष द्यायच्या ऐवजी पलीकडच्या माणसालाच दिला, याचं लक्ष नाही, हा तुटक बोलतो वगैरे. आणि जेव्हा आवाज फाटतो, चित्र अडकतं तेव्हा आपण "नेटवर्क गेलं" म्हणून मोकळे होतो, हा उशीर मात्र दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही.

म्हणून महत्त्वाचं काही विचारायचं असेल तर व्हिडिओ बंद करून नुसता आवाजी कॉल करा, वायरवाले इअरफोन लावा. आणि जमलं तर आईला हे एकदा सांगून ठेवा, म्हणजे दिवाळीच्या तिकिटावरून रुसवेफुगवे तरी कमी होतील.