सौर पंपाचा अर्ज परत का येतो?

एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शेतातले डिझेल पंप हटावेत म्हणून केंद्राने २०१९ मध्ये पीएम-कुसुम योजना आणली. तिच्या 'ब' घटकात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या सौर पंपाला केंद्राचे ३० टक्के आणि राज्याचे किमान ३० टक्के अनुदान आहे. उरलेल्यातला बराचसा भाग कर्जाऊ काढता येतो.

आधार, पासबुक, फोटो यावर कोणाचेच अडत नाही. गोव्यात अडते एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या कागदावर. गेल्या उन्हाळ्यात सत्तरीतल्या एक काकी प्लास्टिकच्या पिशवीत घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि रेशनकार्ड घेऊन आल्या. कुळागर (पोफळीची बाग) त्याच शिंपतात, पण उताऱ्यावर कब्जेदार म्हणून नाव सासऱ्यांचे. त्यांना जाऊन वीस वर्षे झाली. कार्यालयाने तीन खेपा घालायला लावल्या आणि चौथ्या खेपेला सांगितले, "हे नाव चालत नाही." पहिल्याच दिवशी सांगायला काय झाले होते?

म्हणून फॉर्म हातात घेण्याआधी उतारा काढून बघा. मयताचे नाव असेल तर आधी सक्सेशन डीड (वारस कोण हे सांगणारा दस्त), मग मामलेदाराकडे म्युटेशन (उताऱ्यावरचे नाव बदलणे). वारसांत वाद असेल तर इन्व्हेंटरीशिवाय, म्हणजे कोर्टातून वाटणी करून घेतल्याशिवाय, गत्यंतर नाही. गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते, म्हणून वारसाच्या जोडीदाराचीही सही लागते, हे लोक विसरतात. काकींनी दिरांच्या सह्या आणल्या, जावांच्या राहिल्या. एक जाऊ मुंबईला. तुमचे नाव कुळाच्या रकान्यात असेल तर भाटकाराचा (जमीनमालकाचा) ना हरकत दाखला लागेल का, हे विभागीय कृषी कार्यालयात आधीच विचारा.

विहिरीचेही तेच. गोव्याच्या २००२ च्या भूजल कायद्याप्रमाणे ती जलस्रोत खात्याकडे नोंदवावी लागते. "आजोबांनी खणलेली विहीर" हा दाखला होत नाही.

'ब' घटक वीज न पोचलेल्या जागेसाठी आहे. शेतात विजेचा पंप असेल तर तो सौरऊर्जेवर नेण्यासाठी 'क' घटक आहे. 'ब'मध्ये अर्ज करून महिने घालवू नका.

आणि कृपा करून पंप आधी विकत घेऊन मग बिल जोडू नका. अनुदान सरकारने निवडलेल्या पुरवठादाराकडून बसवलेल्या पंपालाच मिळते, तेही बेंचमार्क (केंद्राने ठरवलेल्या) किंवा निविदेतल्या किमतीवर, जी कमी असेल तिच्यावर. या योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळे चालतात आणि नोंदणी फी मागतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर एक रुपयाही पाठवू नका.