कार्ड मशीनचा अर्ज परत येतोय? आधी कागदांवरचं नाव-पत्ता बघा

सीझन जवळ आला की मालवण, तारकर्ली, गुहागर, दापोली सगळीकडचे होमस्टेवाले, खानावळवाले कार्ड मशीनसाठी अर्ज टाकतात आणि त्यातले कितीतरी परत येतात. परत येतात ते बहुतेक वेळा नाव आणि पत्ता जुळत नाही म्हणून. लोक मात्र कुठल्या कंपनीची मशीन चांगली यावरच चर्चा करत बसतात आणि कागद शेवटच्या दिवशी गोळा करतात.

आधी मशीन लागते का ते बघा. कोकम, काजू, खाजं विकत असाल, बिल दोन-तीनशेचं होत असेल तर क्यूआर पुरे, गिऱ्हाईकाच्या बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआयवर दुकानदाराचं काही कटत नाही. पण खोल्यांचं, जेवणाचं मिळून सहा-आठ हजारांचं बिल होतं आणि पाहुणे क्रेडिट कार्ड पुढे करतात, तिथे मशीन हवीच.

पॅन, आधार, कॅन्सल चेक, फोटो हे सगळ्यांकडे असतं. अडतं ते धंद्याच्या पुराव्यावर. मशीनचे पैसे ज्यात जमा होतात ते एकट्या मालकाच्या धंद्याचं करंट खातं काढायला रिझर्व्ह बँकेच्या केवायसी (ओळख पडताळणीच्या) नियमानुसार धंद्याच्या नावाचे दोन पुरावे लागतात, म्हणजे उद्यम प्रमाणपत्र (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी), शॉप अ‍ॅक्टचा कागद, जीएसटी प्रमाणपत्र, धंद्याच्या नावाचं लाइट बिल वगैरेपैकी कुठलेही दोन. दोन मिळणं शक्यच नाही अशी बँकेची खात्री पटली तर प्रत्यक्ष जागा बघून एकावरही खातं काढता येतं, हे त्याच नियमात लिहिलेलं आहे. काउंटरवर हे कोणी आपणहून सांगत नाही, "दोन आणा" म्हणून परत पाठवतात. बँकेच्या मर्जीचा भाग आहे हे खरं, तरी लेखी अर्ज देऊन विचारा.

आता आपल्याकडची खरी अडचण. घरपट्टी आजोबांच्या नावावर, लाइट बिल आजोबांच्या नावावर, सातबाऱ्यावर सगळे चुलते, आणि धंदा करतोय नातू. मशीनसाठी वारस नोंदीच्या मागे लागू नका, सीझन निघून जाईल. उद्यम आणि शॉप अ‍ॅक्ट हे दोन कागद स्वतःच्या नावाने काढा, दोन्हींवर धंद्याचा पत्ता येतो. तरीही लाइट बिल मागितलं तर ज्यांच्या नावावर आहे ते हयात असतील तर त्यांचं संमतीपत्र जोडा, नसतील तर महावितरणकडे नाव बदलायचा अर्ज आजच टाकून ठेवा, त्याला वेळ लागतो.

उद्यम नोंदणी सरकारी साइटवर पूर्ण मोफत आहे, सारख्या नावाच्या खाजगी साइट हजार-दोन हजार घेतात, तिकडे जाऊ नका. फॉर्म दुसऱ्याकडून भरून घेत असाल तर ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचाच टाकायला लावा. सेंटरवाला घाईत स्वतःचा ईमेल टाकतो, तोच पुढे मशीनच्या अर्जात जातो, मग गिऱ्हाईकाने बँकेकडे तक्रार केली की बिलाचा पुरावा मागणारा मेल तुम्हाला दिसतच नाही, उत्तराची मुदत जाते आणि पैसे खात्यातून परत कापले जातात. बिचाऱ्या माणसाला कळतही नाही कशाचे कापले.

शॉप अ‍ॅक्टमध्येही घोळ घालतात. २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्याप्रमाणे, २०२५ च्या दुरुस्तीनंतर, २० पेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पावती हाच तुमचा कागद. "लायसन आणा" म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा, कारण तुम्हाला लायसन मिळणारच नाहीये. एवढी साधी गोष्ट टेबलापलीकडच्या माणसाला ठाऊक नसावी याचा खरंच राग येतो.

बायकांच्या अर्जात पॅनवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, हे फार दिसतं. खानावळ चालवणाऱ्या काकूंचं सगळं बरोबर असतं, अडतं ते इथेच. पॅन दुरुस्त करायला बहुतेकदा विवाह नोंदणीचा दाखला मागतात आणि लग्नाला वीस वर्षं झाली तरी तो काढलेलाच नसतो. ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) नोंदणी होते. आधी दाखला, मग पॅन, मग उद्यम, मग धंद्याचं करंट खातं, हा क्रम मोडू नका, नाहीतर प्रत्येक कागद दोनदा करावा लागेल.

कागद गेले की जागा बघायला माणूस येतो. तो दुपारी दोनला आला आणि तुम्ही दुकान बंद करून जेवायला गेला असाल तर "बंद आढळले" असा शेरा पडतो आणि अर्ज बाद. त्या आठवड्यात कोणीतरी बसवून ठेवा. दारावर बोर्ड हवा, आणि त्यावर अर्जातलंच नाव हवं. कोल्ड्रिंकवाल्याने फुकट दिलेल्या बोर्डवर "स्वागत" लिहिलंय आणि अर्जात काही वेगळंच, असं चालत नाही.

आता दर, म्हणजे कार्डाने घेतलेल्या प्रत्येक बिलातून तुमचे कापले जाणारे टक्के. फॉर्ममध्ये वार्षिक उलाढाल विचारतात तिथे मोठं दिसायला म्हणून फुगवून आकडा टाकू नका. मागच्या आर्थिक वर्षातली उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर डेबिट कार्डचा दर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्याच्या वर गेलात की ०.९० टक्क्यांपर्यंत. रुपे डेबिटवर काहीच नाही. क्रेडिट कार्डच्या दराला मात्र अशी मर्यादा नाही, तो ठरवून घ्यावा लागतो. समजा १.८ टक्के ठरला, तर ६,००० च्या बिलावर १०८ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सव्वाशेच्या वर गेले. तेच बिल डेबिट कार्डवर ०.४० ने २४ रुपये आणि जीएसटी. एजंट "दीड टक्के पडतो साहेब" म्हणतो तो कुठल्या कार्डचा, ते लेखी घ्या. गिऱ्हाईकाकडून डेबिट कार्डचं शुल्क वेगळं घ्यायला परवानगी नाही, हेही लक्षात असू द्या.

मशीन निवडताना आपल्याकडे दोनच गोष्टी बघा. जून ते ऑगस्ट पाहुणे नसतात, जलक्रीडा बंद असते, तेव्हा भाडं चालूच राहतं का आणि महिन्याला किमान इतका धंदा व्हायलाच हवा अशी अट आहे का. असेल तर भाडं नसलेली, मोबाइलला ब्लूटूथने जोडायची छोटी मशीन किंवा फोनवरच कार्ड टॅप करून घेणारं अ‍ॅप बरं, टॅपला ५,००० पर्यंत पिनही लागत नाही. दुसरं नेटवर्क. एजंटला मशीन घेऊन तुमच्याच गल्ल्यावर बोलवा, त्याच्या सिमला तिथे रेंज येते का बघा, वायफायवर चालते का तेही विचारा.

रेंज मध्येच गेली, गिऱ्हाईकाचे पैसे कटले आणि स्लिप आली नाही, तर दुसऱ्यांदा स्वाइप करण्याआधी मशीनच्या अ‍ॅपमध्ये व्यवहार बघा. यशस्वी दिसला नाही तर गिऱ्हाईकाला सांगा की व्यवहाराच्या तारखेपासून ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, त्यानंतर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. हे ५ दिवस कॅलेंडरचे धरायचे, सुट्ट्या वगळायच्या नाहीत.

मशीन बंद करायची असेल तर नुसती कपाटात ठेवू नका. लेखी अर्ज द्या, मशीन परत केल्याची सही-शिक्क्याची पोच घ्या, आणि भाड्यासाठी खात्यावर दिलेली ऑटो-डेबिटची परवानगी बँकेत जाऊन रद्द करून या.