नाव गुप्त ठेवून भ्रष्टाचाराची तक्रार कशी करावी: पात्रता, लिफाफा, कागदपत्रे आणि मिळणारे संरक्षण

कार्यालयातला गैरव्यवहार दिसत असतो, कागदही हाताशी असतात. पण आपलं नाव फुटलं तर काय होईल, या धास्तीने माणूस गप्प बसतो. ही धास्ती निराधार नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोण प्रकल्पातल्या गैरप्रकारांबद्दल २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं होतं. नाव गुप्त ठेवा, अशी विनंतीही केली होती. ते पत्र त्यांच्या नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि केंद्र सरकारने २१ एप्रिल २००४ रोजी जनहितार्थ माहिती उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा ठराव काढला. सरकारी भाषेत तो ‘पीआयडीपीआय’ (PIDPI) या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखला जातो. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याची जबाबदारी त्यात केंद्रीय दक्षता आयोगावर टाकली आहे.

हे संरक्षण आपोआप लागू होत नाही. तक्रार ठरलेल्या रीतीने गेली तरच ते मिळतं, म्हणून ती रीत नीट समजून घ्या.

तक्रार कुणीही करू शकतं: कर्मचारी, सामान्य नागरिक, स्वयंसेवी संस्था. ती कुणाविरुद्ध करता येते, यावर मात्र मर्यादा आहे. केंद्र सरकारचे कर्मचारी, केंद्राचे सार्वजनिक उपक्रम, सरकारी बँका आणि विमा कंपन्या, केंद्राच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्था, इतकीच ही हद्द आहे. तहसील, जिल्हा परिषद, महापालिका किंवा राज्य पोलिसांविरुद्धची तक्रार इथे चालत नाही. तक्रारीचा विषय भ्रष्टाचार किंवा पदाचा गैरवापर हाच हवा. बढती डावलली, रजा नाकारली असली गाऱ्हाणी त्यात घुसडू नका. त्याने मूळ मुद्दा पातळ होतो.

शुल्क नाही आणि प्रतिज्ञापत्रही लागत नाही. लागतो तो बंद लिफाफा. तो आयोगाच्या सचिवांच्या नावे, सतर्कता भवन, आयएनए, नवी दिल्ली ११००२३ या पत्त्यावर पाठवायचा. लिफाफ्यावर ‘पीआयडीपीआय’ ही अक्षरं इंग्रजीत ठळक लिहायची. ती नसतील किंवा लिफाफा उघडा असेल, तर तुमचा कागद साध्या तक्रारीत जमा होतो आणि नाव झाकण्याची हमी संपते. ईमेलने किंवा आयोगाच्या पोर्टलवरून केलेली तक्रारही या ठरावाखाली धरली जात नाही. लिफाफ्यावर पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. स्पीड पोस्ट करताना खिडकीवरचा कर्मचारी नाव, मोबाइल नंबर मागेल, तेव्हा अशा लिफाफ्यांसाठी तो आग्रह धरू नये असे टपाल खात्याचे आदेश आहेत, हे शांतपणे सांगा.

लिफाफ्याच्या आत मात्र नाव आणि पत्ता द्यावाच लागतो. निनावी किंवा खोट्या नावाची तक्रार आयोग या ठरावाखाली घेत नाही. माझा सल्ला असा, की नाव-पत्ता वेगळ्या कागदावर लिहा आणि तक्रारीच्या मजकुरात तो कुठेही येऊ देऊ नका. पत्ता घरचा द्या, कार्यालयाचा नको. आयोगाचं पत्र तुमच्याच हाती पडलं पाहिजे.

सगळ्यात जास्त वेळ मजकुरावर घालवा. चौकशी करणाऱ्याकडे तुमचं नाव जाणार नाही, पण मजकूरच तुमच्याकडे बोट दाखवत असेल तर आयोग तरी काय करणार? ‘मी या फाइलवर हरकत घेतली होती, पण साहेबांनी ती खोडली’ असं लिहिलंत, की ती फाइल उघडणारा पहिल्या मिनिटात तुम्हाला ओळखतो. त्याऐवजी असं लिहा: ‘अमुक क्रमांकाच्या निविदेत अमुक तारखेला पात्रतेची अट बदलली. अट बदलण्यापूर्वी तीन ठेकेदार पात्र होते, नंतर एकच उरला. मूळ टिप्पणी आणि सुधारित अट दोन्ही फाइलवर आहेत.’ यातला प्रत्येक शब्द पडताळता येतो आणि लिहिणारा कोण हे कळत नाही. जोडलेल्या झेरॉक्सवर तुमची सही, आद्याक्षरं, तुमच्या हस्ताक्षरातले शेरे नाहीत ना, ते पाहा. संगणकावरून काढलेल्या प्रतीच्या तळाशी कधी कधी लॉगिनचं नाव छापून येतं. कार्यालयाचा प्रिंटर आणि कार्यालयाचा ईमेल या कामासाठी वापरूच नका. जो कागद फक्त तुमच्याच टेबलावर होता, तो जोडण्यापेक्षा कुठल्या फाइलमध्ये सापडेल ते लिहिणं बरं.

आणि कृपा करून ‘प्रत माहितीस्तव’ ही सवय इथे सोडा. मंत्री, सीबीआय, वर्तमानपत्र अशा चार ठिकाणी प्रती पाठवल्या, की गुप्तता तुम्हीच मोडलीत.

पोच मिळत नाही, आणि पाठपुरावा करू नये असं आयोगच सांगतो. काही दिवसांनी आयोग तुम्हाला पत्र पाठवतो. तक्रार तुमचीच आहे याची खात्री आणि हाच आरोप दुसऱ्या कुठल्या यंत्रणेकडे केलेला नाही याचं प्रमाणपत्र, या दोन गोष्टी त्यात मागितलेल्या असतात. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं. उत्तर गेलं नाही तर स्मरणपत्र येतं आणि आणखी दोन आठवडे मिळतात. त्यानंतर आयोगाची छाननी समिती तक्रार पाहते आणि चौकशी लावायची की नाही ते ठरतं.

त्रास सुरू झाला तर? तक्रार केल्याच्या रागातून बदली, निलंबन किंवा बिघडवलेला गोपनीय अहवाल वाट्याला आला, तर दाद मागण्यासाठी आयोगाकडेच अर्ज करता येतो आणि आयोग संबंधित अधिकाऱ्याला किंवा विभागाला निर्देश देऊ शकतो. तक्रारदाराला किंवा साक्षीदाराला संरक्षणाची गरज आहे असं वाटलं, तर आयोग सरकारी यंत्रणेला तसं सांगू शकतो. नाव फोडणाऱ्यावर कारवाई सुरू करण्याचाही त्याला अधिकार आहे. त्यासाठी प्रत्येक आदेशाची प्रत आणि तारीखवार नोंदी घरी ठेवा. आधीचे चांगले अहवाल आणि तक्रारीनंतरचे शेरे शेजारी शेजारी ठेवता आले, तर तुमचं म्हणणं ऐकलं जातं. द्वेषापोटी केलेली खोटी तक्रार मात्र तुमच्यावरच उलटू शकते.

एक गोष्ट मनाला लागते. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा स्वतंत्र कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, ९ मे रोजी राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तो अमलात आणलाच गेला नाही. नाव फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे, ती कागदावरच पडून आहे. म्हणून आज भिस्त आहे ती २००४ च्या ठरावावर.

राज्य सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या कर्मचाऱ्याने लाच मागितली, तर महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. इथे शक्यतो पैसे देण्याआधीच कळवा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला त्यातून सूट आहे. प्रकरण गुन्ह्यापर्यंत गेलं आणि साक्षीदार म्हणून जिवाला धोका वाटला, तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. त्यावर जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती पोलिसांचा धोक्याचा अहवाल मागवून निर्णय घेते.