कीटकनाशकांची सुरक्षित हाताळणी आणि शेतातलं पाणी

कीड, रोग, तण यांच्यासाठी आणलेलं औषध ठेवणं, कालवणं, फवारणं आणि शेवटी पंप धुतलेलं पाणी नि रिकामे डबे मार्गी लावणं, या सगळ्याला मिळून सुरक्षित हाताळणी म्हणतात. पाणी खराब होतं ते शेतभर फवारल्यामुळं असं बहुतेकांना वाटतं, तेही होतंच, पण मोठा वाटा असतो तो औषध कालवायच्या आणि पंप धुवायच्या जागेचा, आणि ही जागा बऱ्याचदा विहिरीला किंवा बोअरला लागूनच असते कारण पाणी तिथंच मिळतं.

थोडंसं सांडलं तर काय होतंय, असं अजिबात समजू नका. युरोपियन युनियनमध्ये पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे या हिशोबानं १ ग्रॅम मूळ औषध १ कोटी लिटर पाण्याला पुरतं! बाटलीचं सील काढून तिथंच टाकलं, त्याला चिकटलेले थेंब पावसानं धुवून निघाले, एवढंसुद्धा चालत नाही.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे पाइप टाकीत बुडवून पाणी भरणं. मधेच लाइट गेली की पाइपमधलं पाणी उलटं फिरतं आणि टाकीतलं औषध सरळ विहिरीत खेचलं जातं. पाइपचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या वर ठेवायचं आणि लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व बसवायचा, त्याहून बरं म्हणजे ड्रममध्ये पाणी नेऊन लांबच कालवायचं.

माणसालाही जास्त धोका कालवतानाच, कारण तेव्हा औषध घट्ट असतं आणि अंगात शिरतं ते मुख्यतः कातडीतून. हातमोजे नायट्राइलचे (एक कृत्रिम रबर) हवेत, कापडी मोजे औषध शोषून हाताला चिकटवून ठेवतात. साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकायचं नाही, कितीही घाई असली तरी.

डबा रिकामा झाला की औषध सुकायच्या आत धुवायचा: उलटा धरून नीट निथळू द्यायचा, पाव डबा पाणी घालून झाकण लावून जोरात खळबळायचा आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं, असं तीनदा, मग डब्याला भोक पाडायचं म्हणजे कोणी त्यात पाणी किंवा तेल भरणार नाही.

शेतातून पाण्यात औषध कसं जातं हे त्या त्या औषधावर असतं. अ‍ॅट्राझिन हे तणनाशक मातीला फारसं धरून राहत नाही, खाली मुरतं आणि भूजलात वर्षानुवर्षं सापडत राहतं, उलट ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक मातीला घट्ट चिकटतं पण माती वाहून गेली की तेही ओढ्यात जातं. पायरेथ्रॉइड या गटातली किडीची औषधं माशांना फारच विषारी. त्यामुळं पावसाच्या तोंडावर मारू नये, ओढ्याकाठी गवताचा पट्टा सोडावा, जोराच्या वाऱ्यात मारू नये, आणि पहाटे वारा पूर्ण पडलेला असतानाही नको कारण बारीक तुषार हवेत तरंगत लांब जातात.

उरलेलं धुवणाचं पाणी आणखी पातळ करून त्याच पिकावर मारता येतं. नाहीतर स्वीडनमध्ये १९९३ साली सुरू झालेला बायोबेड, म्हणजे निम्मा पेंढा, पाव माती आणि पाव पीट (दलदलीत अर्धवट कुजलेला पालापाचोळा) भरलेला, वर गवत लावलेला खड्डा, त्यात ते पाणी सोडायचं. पेंढ्यावर वाढणारी बुरशी आणि जिवाणू औषध फोडतात, फक्त पेंढा कुजून थर खाली बसतो तसं वरून नवं मिश्रण भरत राहावं लागतं.