गिटारच होती कशावरून?

शब्द असलेले गाणे विसरले तर ते शोधून काढणे फारसे अवघड नसते. ध्रुवपदातले दोन-तीन शब्द आठवले, नायिकेचे नाव आठवले, निदान भाषा आठवली तरी कुठून तरी सुरुवात करता येते. निव्वळ वादनाच्या ध्वनिमुद्रणाला असा कोणताही आधार नसतो आणि त्यातही १९७०च्या दशकातले जॅझ फ्यूजन, म्हणजे जॅझ आणि रॉक यांची सरमिसळ, असेल तर शोधणाऱ्याची सत्त्वपरीक्षाच होते. गायक नाही, शब्द नाहीत, मुख्य धून सुरुवातीला आणि शेवटी एक-दोनदा डोकावते आणि मधली कित्येक मिनिटे वादक ऐन वेळी सुचेल ते वाजवत असतात. कोणा मित्राने वर काहीही न लिहिता भरून दिलेल्या कॅसेटवर किंवा रात्री उशिरा रेडिओवर असे काही ऐकलेले असते आणि वीस-तीस वर्षांनी मनात उरते ते एवढेच की गिटार भलतीच वेगात होती, ड्रम अंगावर येत होते आणि मध्ये कुठेतरी व्हायोलिन होते.

एवढ्या तुटपुंज्या आठवणीवरूनही शोध घेता येतो, मात्र त्यासाठी स्मृती कोणत्या बाबतीत पक्की असते आणि कोणत्या बाबतीत कच्ची, हे आधी समजून घ्यावे लागते. गंमत अशी की आपण ज्याची छातीठोक ग्वाही देतो ते बहुधा कच्चे निघते आणि ज्यावर आपला स्वतःचाच विश्वास नसतो ते पुष्कळदा पक्के असते.

पट्टी आणि लय या दोन गोष्टींपासून सुरुवात करू. संगीत न शिकलेल्या माणसाला विचारले तर तो पट्टी लक्षात राहिल्याचे साफ नाकारील. डॅनिएल लेव्हिटिन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४६ जणांना त्यांच्या आवडीची लोकप्रिय गाणी केवळ आठवणीतून गायला सांगितले होते. त्यांतल्या सुमारे ४० टक्के लोकांनी दोनपैकी निदान एका प्रयत्नात मूळ ध्वनिमुद्रणाची नेमकी पट्टी पकडली. दोन वर्षांनी त्याच ध्वनिमुद्रणांची लय तपासली तेव्हा बहुतेकांची लय मूळ लयीपासून आठ टक्क्यांहून जास्त ढळलेली नव्हती. ही गाणी त्या लोकांनी असंख्य वेळा ऐकलेली होती हे मात्र विसरता येत नाही. एकदा-दोनदाच कानावर पडलेल्या धुनेच्या बाबतीत मेंदू नेमकी स्वरांतरे न साठवता प्रामुख्याने धुनेचा आकार साठवतो, म्हणजे स्वर कुठे चढला, कुठे उतरला आणि कुठे तिथेच थांबला. डब्ल्यू. जे. डाउलिंग यांनी १९७८ मध्ये मांडलेला हा भेद आजही या विषयाच्या पायाशी आहे.

याहून चिवट असते ती पोताची आठवण. पोत म्हणजे एकाच पट्टीत वाजणारी सनई आणि बासरी ज्यामुळे वेगळी ओळखू येते तो नादाचा गुण. शेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये गाजलेल्या गाण्यांचे सेकंदाच्या पाचव्या आणि दहाव्या हिश्शाएवढे तुकडे ऐकवून त्यांची नावांशी जोडी लावायला सांगितली. एवढ्या वेळात धून ती काय कळणार, तरीही ऐकणाऱ्यांची उत्तरे निव्वळ अंदाजापेक्षा निश्चितच सरस होती. दहाव्या हिश्शाचे तेच तुकडे उलटे वाजवले किंवा त्यांतली उच्च वारंवारता काढून टाकली, तेव्हा मात्र ओळख पटेनाशी झाली. याचा अर्थ असा की नादाचे क्षणाक्षणाला बदलणारे रूप आपल्याजवळ जपलेले असते, फक्त ते शब्दांत सांगता येत नाही. म्हणूनच ‘ऐकले की लगेच ओळखीन’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याची अडचण एवढीच की ओळखण्याआधी ते ऐकायला मिळायला हवे.

यंत्राची गोष्ट निराळी आहे. शझाम ही वाजते गाणे ओळखून देणारी सेवा २००२ साली ब्रिटनमध्ये सुरू झाली तेव्हा २५८० हा क्रमांक फिरवून फोन वाजत्या संगीतासमोर धरावा लागे. तिच्यामागची, तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या एव्हरी वँग यांची युक्ती पाहण्यासारखी आहे. ध्वनीचा आलेख काढायचा, आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर वारंवारता. या आलेखात ऊर्जा जिथे आसपासपेक्षा ठळक आहे तेवढे बिंदू ठेवायचे आणि बाकीचे सगळे पुसून टाकायचे. गोंगाट, बोलणे, हॉटेलातली भांडी यांतून हेच ठळक बिंदू तगून राहतात. मग बिंदूंच्या जोड्या लावायच्या. पहिल्याची वारंवारता, दुसऱ्याची वारंवारता आणि दोघांमधले कालांतर या तीन आकड्यांचा मिळून एक ठसा होतो. कोट्यवधी ठशांच्या साठ्यात असे ठसे शोधले की इकडेतिकडे योगायोगाने जुळणारे पुष्कळ निघतात, पण खऱ्या ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत जुळलेल्या सगळ्या ठशांमध्ये काळाचा फरक एकसारखा येतो. नमुन्यातला तिसरा सेकंद मूळच्या त्र्याहत्तराव्या सेकंदाशी जुळत असेल, तर चौथा चौऱ्याहत्तराव्याशी जुळलाच पाहिजे. असे पुरेसे ठसे रांगेत आले की उत्तर मिळाले.

या पद्धतीला धून कळत नाही, वाद्य कळत नाही, कळतो तो फक्त एका विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा ठसा. त्याच वादकांनी तीच रचना दुसऱ्या रात्री वाजवली तर यंत्राच्या लेखी ती निराळी वस्तू असते आणि जॅझमध्ये प्रत्येक रात्र निराळीच असते. जुनी कॅसेट हाती असेल तर आणखी एक अडचण येते. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकायला हवी. एखाद्या यंत्राचा वेग सहा टक्क्यांनी जास्त असला तर सगळे स्वर सुमारे अर्ध्या स्वराने चढतात आणि ठशातले तिन्ही आकडे बिघडतात. अशा वेळी संगणकावर वेग थोडा थोडा कमी-जास्त करून पुन्हा विचारणे हाच साधा उपाय असतो. वेगाचा हा घोळ घरगुती यंत्रांपुरता आहे असेही नाही. जॅझमधला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या प्रसिद्ध तबकडीची पहिली बाजू ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेपयंत्र संथ चालल्यामुळे कित्येक दशके किंचित चढ्या पट्टीत विकली जात होती आणि ती चूक १९९०च्या दशकातल्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त झाली.

हातात कॅसेटही नसेल तर गुणगुणून शोधण्याचा मार्ग उरतो. त्याची कल्पना यंत्रांच्याही आधीची आहे. डेनिस पार्सन्स यांनी १९७५ मध्ये धुनांचा कोश काढला आणि त्यात प्रत्येक धून केवळ चढ, उतार आणि पुनरावृत्ती या तीन खुणांनी लावली. सा रे ग ग रे प ही ओळ त्या पद्धतीने चढ, चढ, तोच, उतार, चढ अशी होते. पट्टी चुकली, स्वर थोडा बेसूर लागला, तरी खुणा बदलत नाहीत. १९९५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच कल्पना संगणकावर उतरवली आणि २०२० पासून गूगलच्या शोधसेवेला आपण थेट गुणगुणून दाखवू शकतो. डाउलिंग म्हणतात त्याप्रमाणे स्मृतीत आकार टिकत असेल, तर स्मृतीला मानवणारे यंत्र हेच होय. फ्यूजनच्या बाबतीत मात्र पथ्य पाळावे लागते. आठवणीत ठसलेला भाग बहुधा गिटारचा वेगवान एकल तुकडा असतो आणि तो गुणगुणणे कोणाच्याही घशाच्या आवाक्यातले नाही. त्याचा नाद सोडून त्याआधी सगळ्यांनी मिळून वाजवलेली संथ, ठाशीव ओळ आठवावी. ती आठवली नाही तर बासचे पुन्हा पुन्हा येणारे आवर्तन गुणगुणावे.

आता गिटारकडे वळू, कारण खरी फसगत इथेच होते. ‘ती गिटार होती’ हे विधान शोधणारा कधीच तपासत नाही आणि माझ्या मते त्या काळातल्या फ्यूजनपुरते ते सर्वांत आधी तपासायला हवे. कान वाद्य ओळखतो ते फार मोठ्या प्रमाणात स्वराच्या आरंभावरून. सुरांचे आरंभ आणि शेवट कापून फक्त मधला भाग ऐकवला तर श्रोते एका वाद्याला दुसरेच समजतात, हे १९६०च्या दशकातच प्रयोगांनी दाखवले गेले. तार छेडली की आधी एक टणत्कार येतो आणि मग नाद विरत जातो. विजेच्या गिटारचा आवाज अॅम्प्लिफायरमधून मुद्दाम फाडला की हा टणत्कार दबतो, विरणे लांबते आणि वरच्या स्वरांशांची, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणाऱ्या उंच सुरांची, भर पडते. छेडलेली तार मग गजाने वाजवल्यासारखी किंवा फुंकल्यासारखी वाटू लागते. हीच प्रक्रिया व्हायोलिनवर किंवा सिंथेसायझरवर केली की तिन्ही वाद्ये एकमेकांच्या इतकी जवळ येतात की ऐकणाऱ्याने गोंधळू नये तरच नवल.

गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी १९७१ मध्ये महाविष्णु ऑर्केस्ट्रा हा फ्यूजनचा वाद्यवृंद उभा केला, त्यात यान हॅमर मिनिमूग हा सिंथेसायझर वाजवत. डाव्या हाताच्या चाकाने स्वर खेचण्याची त्यांची लकब अगदी गिटारवाल्याने तार ओढावी तशी होती आणि जेरी गुडमन यांचे व्हायोलिनही विजेवर चालणारे होते. त्यामुळे तिघे एकमेकांना उत्तरे देऊ लागले की कोण कुठे संपतो ते पहिल्या ऐकण्यात कळत नाही. गिटारवादक पॅट मेथेनी यांच्या बाबतीत प्रकार उलटा आहे. त्यांच्या १९८२ सालच्या ‘ऑफरॅम्प’ या तबकडीतल्या ‘आर यू गोइंग विथ मी?’ या रचनेत जे वाद्य तुतारीसारखे गाते ते गिटार-सिंथेसायझर आहे, म्हणजे बोटे गिटारवर आणि नाद भलताच. अॅलन होल्ड्सवर्थ यांनी तर साध्या गिटारवरच डाव्या हाताने स्वर जोडत आणि आवाज हळूच वाढवत टणत्कार जवळजवळ नाहीसा केला, इतका की ते ऐकून सॅक्सोफोन आठवावा.

एक बारीक खूण इथे कामी येते. मिनिमूगवर एका वेळी एकच स्वर वाजतो. त्या फाटलेल्या आवाजात दोन-तीन स्वर एकदम, एकाच हाताच्या फटक्यात उमटल्याचे आठवत असेल, तर मिनिमूग बहुतेक बाद ठरतो. तसे आठवत नसेल तर शोध गिटारवादकांपुरता मर्यादित ठेवू नये.

मात्रा मोजण्याचाही मोठा उपयोग होतो आणि याबाबतीत आपल्याकडच्या श्रोत्याचा हात धरणारा सहसा मिळत नाही. पाश्चात्त्य रॉकचा बहुतेक कारभार चाराच्या हिशेबात चालतो. फ्यूजनमध्ये मात्र सात, दहा, अकरा मात्रांची आवर्तने सर्रास येतात. रूपक आणि झपताल यांवर ज्याने टाळी धरली आहे त्याला पाय कुठे अडखळत होता हे आठवते आणि त्यावरून समेपासून समेपर्यंत मोजता येते. महाविष्णु ऑर्केस्ट्राच्या १९७३ सालच्या ‘बर्ड्‌स ऑफ फायर’ या तबकडीची शीर्षकरचना अठरा मात्रांच्या आवर्तनात आहे. मॅक्लॉफ्लिन हे अमेरिकेत एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकले होते, तेव्हा हा हिशेब आकस्मिक नव्हे. आठवणीत गिटारच्या जोडीला तबला आणि घटम असेल तर शोध जवळपास संपलाच म्हणायचे. मुंबईचे झाकीर हुसेन, विक्कू विनायकराम आणि एल. शंकर यांच्यासह मॅक्लॉफ्लिन ज्यात वाजवत त्या ‘शक्ती’ या वाद्यवृंदाकडेच प्रथम पाहावे.

वादक कळला तरी तबकडी सापडेल असे नाही, कारण तबकडी दुसऱ्याच्या नावावर असू शकते. बिली कॉबम या ड्रमवादकाच्या नावाने १९७३ मध्ये निघालेल्या ‘स्पेक्ट्रम’मधली गिटार टॉमी बोलिन यांची आहे, होल्ड्सवर्थ यांचे उत्तम काम टोनी विल्यम्स या ड्रमवादकाच्या आणि झाँ-ल्यूक पाँटी या व्हायोलिनवादकाच्या तबकड्यांत आहे. म्हणून यादी चाळताना पुढच्या बाजूवरचे नाव न पाहता मागच्या बाजूवरची वादकांची नावे पाहावीत. कोणते ड्रम, कोणता बास हे आठवत असेल तर तिथूनच सुरुवात केलेली बरी.

शेवटी चार-पाच उमेदवार हाती येतात आणि मग खरा धोका सुरू होतो. एखादी रचना पाच-सहा वेळा ऐकली की ती ओळखीची वाटू लागते, पण ती ओळख वीस वर्षांपूर्वीची की परवाची हे मनाला सांगता येत नाही. पोलिसांच्या ओळखपरेडीत साक्षीदाराला संशयिताचा फोटो आधी दाखवत नाहीत, त्यामागे हेच कारण आहे. तेव्हा काहीही ऐकण्यापूर्वी आठवते ते सगळे कागदावर लिहून काढावे: सुरुवात कोणत्या वाद्याने झाली, धून किती मात्रांची होती, शेवट एकदम तुटला की विरत गेला, मध्ये थांबा आला होता का. प्रत्येक उमेदवार पहिल्यांदा ऐकतानाच या टिपणाशी ताडून पाहावा आणि शेवटाबद्दलची नोंद जुळली नाही तर मन कितीही ‘हेच ते’ म्हणत असले तरी तो बाजूला ठेवावा.

हे सगळे करूनही काही हाती लागले नाही, तर दोष आठवणीचाच असेल असे नाही. अमान्सिओ डिसिल्वा हे १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेले गोमंतकीय वंशाचे गिटारवादक लंडनला गेले आणि १९६९ मध्ये तिथल्या जॅझवादकांबरोबर त्यांनी ‘इंटिग्रेशन’ ही तबकडी काढली. १९७२ मध्ये त्यांनी ‘कोकण डान्स’ ध्वनिमुद्रित केली, पण ती बाजारात आली २००६ साली. त्या दिवसांत लंडनच्या एखाद्या मैफलीत त्यांतली एखादी धून कोणी ऐकली असती आणि ती नंतर शोधायला घेतली असती, तर पुढची चौतीस वर्षे ना दुकानात काही सापडले असते, ना यंत्राच्या साठ्यात.