निर्माता की ध्वनिमुद्रक? एका शब्दामागची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, इथल्या छोट्या स्टुडिओंत गाण्याचा व्हिडिओ चढवायच्या आधी एक प्रश्न हमखास निघतो. ‘दादा, तुमचं नाव काय म्हणून टाकू?’ ज्याला विचारलं जातं त्यानं गिटार वाजवलेली असते, ढोलकीला आणि हलगीला माईक लावलेले असतात, रात्र जागून मिक्सिंग केलेलं असतं. बहुतेक वेळा ‘म्युझिक प्रोड्यूसर’ असं लिहून विषय मिटतो. पुढे गाणं चाललं की पैसे घालणारा म्हणतो, ‘प्रोड्यूसर म्हणजे निर्माताच ना? तो तर मी.’ मग भांडण.

या भांडणात ज्याची कारकीर्द पुनःपुन्हा आठवावी लागते तो माणूस शिकागोचा. स्टीव्ह अल्बिनी, रॉक गिटारवादक आणि रेकॉर्डिंग इंजिनिअर. ७ मे २०२४ रोजी, ६१ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला. त्याच्याच अंदाजानं त्यानं दोनेक हजार अल्बम ध्वनिमुद्रित केले, आणि ‘प्रोड्यूसर’ हे बिरुद आयुष्यभर नाकारलं.

सुरुवातीच्या वर्षांबद्दल थोडक्यात. शिकागोजवळ पत्रकारिता शिकत असताना, १९८१ च्या वसंतातल्या सुटीत, मित्राकडून उसन्या आणलेल्या चार ट्रॅकच्या यंत्रावर त्यानं घराच्या दिवाणखान्यात पहिलं रेकॉर्ड केलं. ड्रमर नव्हता, म्हणून ड्रम मशीन. गिटार आणि बास त्याचंच. म्हणजे वाजवणारा आणि मुद्रित करणारा हे पहिल्या दिवसापासून एकच होते. आपल्याकडे आज लॅपटॉपवर काम करणाऱ्या कुठल्याही पोराची हीच गत आहे. पुढे ॲल्युमिनियमच्या दांडीची गिटार, खांद्याऐवजी कमरेला बांधलेला पट्टा आणि पत्रा कापल्यासारखा आवाज ही त्याची ओळख झाली. त्या काळातली त्याची भाषा आणि बँडसाठी निवडलेली नावं मुद्दाम दुखावणारी होती. उतारवयात त्यानं त्याची जबाबदारी जाहीरपणे घेतली.

आता शब्दाकडे. मराठीत ‘निर्माता’ हा सिनेमाच्या वाटेनं आला आणि त्याचा अर्थ पक्का झाला: पैसा उभा करणारा. गाण्यात चाल देणारा संगीतकार, वाद्यमेळ बसवणारा संगीत संयोजक, आवाज टिपणारा ध्वनिमुद्रक किंवा रेकॉर्डिस्ट. आपल्याकडच्या भीमगीतांच्या, भारुडांच्या जुन्या कॅसेटांवर ही कामं वेगवेगळी छापत. रेकॉर्डिस्टचं नाव सगळ्यात खाली, कधी मुळीच नाही. रॉकमधला ‘प्रोड्यूसर’ यांतल्या कुणाशीच जुळत नाही. तो सिनेमाच्या दिग्दर्शकाच्या जवळचा. कुठलं गाणं ठेवायचं, कुठलं कडवं कापायचं, गायकानं ओळ पुन्हा म्हणायची का, हे तो ठरवतो आणि विक्रीतला टक्काही घेतो. तिसरा अर्थ लॅपटॉपसोबत आला: ठेका आणि सूर यंत्रावर रचणारा तो ‘म्युझिक प्रोड्यूसर’. एकाच शब्दात तीन माणसं कोंबली गेली आहेत, आणि व्हिडिओखालच्या ओळीत ती एकमेकांच्या पायात येतात.

अल्बिनीचा आक्षेप दुसऱ्या अर्थावर होता. गाणं बँडचं, त्यामुळे निर्णयही बँडचे. आपण तंत्र जाणणारा कारागीर. आपलं नाव आलंच तर ‘मुद्रण केलं’ एवढंच यावं, असं त्याला वाटे. मोबदलाही त्याच हिशेबानं, ठरलेला आणि एकदाच. रॉयल्टी नाही.

हे बोलणं सोपं होतं तोवर ठीक. कस लागला तो १९९३ साली. सिॲटलच्या ‘निर्वाणा’ या रॉक बँडचा आधीचा अल्बम जगभर लाखोंनी खपला होता आणि पुढचा मुद्रित करायला त्यांनी याला बोलावलं. कामाआधी त्यानं बँडला लांबलचक पत्र लिहिलं. मी विक्रीतला एक ते दीड टक्का मागेन अशी कंपनीची अपेक्षा असेल, तीस लाख प्रती खपल्या तर ते चार लाख डॉलरच्या आसपास जातं, आणि तेवढे पैसे मी घेणार नाही. प्लंबरला देतात तसे कामाचे पैसे द्या, असा त्याचा आशय. रक्कम ठरली एक लाख डॉलर. फेब्रुवारीत मिनेसोटातल्या एका आडगावच्या स्टुडिओत साधारण दोन आठवड्यांत काम उरकलं.

मग कंपनीच्या आणि व्यवस्थापनाच्या गोटातून नाराजी बाहेर आली. आवाज खरखरीत आहे, गायकाचा गळा मागे पडतो, बास दबला आहे. बँडलाही त्यातलं काही पटू लागलं. मिक्स बदलायची मागणी झाली तेव्हा अल्बिनी बधला नाही, मूळ टेप हवाली करायलाही आधी तयार नव्हता. बँडमधल्या एकाचा फोन आला, मग दिल्या. शेवटी दोन गाणी दुसऱ्या माणसानं नव्यानं मिक्स केली आणि अल्बम सप्टेंबरमध्ये बाजारात आला.

इथे त्याच्यावर घेतला जाणारा आक्षेप रास्त आहे, तो टाळता येत नाही. निर्णय बँडचे असं म्हणणारा माणूस बँडनं निर्णय बदलल्यावर टेप धरून का बसतो? शिवाय त्याच्या हातून निघालेले ड्रम दहा अल्बमांतून ओळखू येतात. हा ठसा म्हणजे दिग्दर्शनच नाही का? मला तसं वाटत नाही. माईक कुठे ठेवायचा ही कारागिरी. कडवं कापायचं की नाही ही सत्ता. ही सत्ता त्यानं मागितली नाही आणि तिचा टक्काही घेतला नाही. टेपांच्या बाबतीत तो अडून बसला हे मात्र चुकलंच, आणि टेप दिल्या हे त्याच्याच तत्त्वाला धरून झालं. पुढचं वर्षभर मोठ्या कंपन्यांची कामं आटली, असं तो सांगत असे.

टक्क्याचा हट्ट समजून घ्यायला त्याचा त्याच वर्षीचा एक लेख पुरेसा आहे. अडीच लाख प्रती खपलेल्या एका काल्पनिक अल्बमचा हिशेब त्यानं मांडला: कंपनीला ७,१०,००० डॉलर, प्रोड्यूसरला ९०,००० डॉलर, बँडमधल्या प्रत्येकाच्या हाती चार हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या कॅसेटवाल्यांशी एकरकमी सौदा करून मोकळ्या झालेल्या गायकांना हे आकडे परके वाटणार नाहीत. तिथे खपाचा हिशेब मांडलाच जात नसे.

१९९७ मध्ये त्यानं शिकागोत स्वतःचा स्टुडिओ उघडला, आणि मराठवाड्याच्या वाचकासाठी मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते इथलं. भिंतींसाठी त्यानं उन्हात वाळवलेल्या कच्च्या मातीच्या विटा वापरल्या. जड भिंत आवाज अडवते, मातीचा खडबडीत पृष्ठभाग तो बोचरा न करता परतवतो. वाद्याजवळच्या माईकइतकाच खोलीचा आवाज त्याला महत्त्वाचा. त्यासाठी तो जमिनीलगत लांबवर माईक ठेवी आणि तो आवाज काही मिलिसेकंद उशिरानं मिसळी, म्हणजे खोली आहे त्याहून मोठी भासते. वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्यात उभं राहून ज्यानं एक आलाप घेतलाय त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

जाड भिंतींची माळवदाची घरं आपल्याकडे गावोगाव होती. उन्हाळ्यात गार, आत बसून पेटी वाजवली तर सूर भरीव. पण ‘निर्वाणा’चा तो अल्बम आला त्याच १९९३ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिवच्या गावांत मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर सिमेंटची घरं उभी राहिली, आणि ती हवीच होती. आज आपले बहुतेक स्टुडिओ त्याच स्लॅबच्या दहा बाय बाराच्या खोल्यांत आहेत. चहूकडे फोम चिकटवलेला. संबळ तिथे गुदमरतो, मग खोली सॉफ्टवेअरमधून आणावी लागते.

टेपचा त्याचा आग्रहही लोक जुनाट आवड समजतात. त्याचं म्हणणं साधं होतं: टेप पन्नास वर्षांनी लावली तरी वाजेल, आजची फाइल उघडणारं सॉफ्टवेअर तेव्हा असेलच असं नाही. माझ्याकडे गोंधळाच्या एका रात्रीचं मुद्रण आहे, ज्याची सॉफ्टवेअरमधली प्रोजेक्ट फाइल आता उघडत नाही. त्याआधीची कॅसेट मात्र चाळिशीपार उन्हाळे सोसूनही वाजते.

त्या १९९३ च्या अल्बमला वीस वर्षं झाली तेव्हा विशेष आवृत्ती निघाली, आणि तिच्यासाठी नवं मिक्स करायला अल्बिनीलाच बोलावलं गेलं. १९९२ पासूनच्या त्याच्या स्वतःच्या बँडचा शेवटचा अल्बम त्याच मातीच्या विटांच्या खोल्यांत २०१७ ते २०२२ या काळात सवडीसवडीनं मुद्रित झाला होता. तो १७ मे २०२४ रोजी, त्याच्या मृत्यूनंतर दहा दिवसांनी, प्रसिद्ध झाला.